खार आला

१

सतरा झाडं मेली होती आणि ती कोणी मारली हेही आप्पासाहेबांनी ठरवून टाकलं होतं. मला बोलावणं आलं ते फक्त शिक्का मारायला. हे मला तिथे पोचेपर्यंत कळलं नाही, आणि त्याचा राग माझा अजून गेलेला नाही.

मी मुक्ताबाई. नगरात माळीवाड्याच्या वेशीबाहेर माझी लाकडाची आणि कोळशाची वखार. नवरा गेल्यावर लोक म्हणाले, बाईमाणसाला वखार जमायची नाही. म्हणणारे आता माझ्याकडूनच सरपण नेतात.

आप्पासाहेब जंगल खात्यात रेंजर होते. अकोल्याच्या डोंगरात तीस वर्षं काढली आणि मग भिंगारच्या रस्त्याला बंगला बांधून राहिले. येताना आमऱ्या घेऊन आले. आमरी म्हणजे मोठ्या झाडाच्या फांदीला मुळं आवळून बसणारं झाड. साहेबलोक ऑर्किड म्हणतात, आपल्याकडचे खुशाल बांडगूळ म्हणतात. बांडगूळ झाडाचा रस पितं. आमरी कुणाचं काही खात नाही, नुसती टेकते. तिला मातीत लावली की मुळं कुजतात, म्हणून कोणी ती खापऱ्या आणि कोळसा भरलेल्या मडक्यात लावतं, कोणी सालीवर बांधतं. साल आंब्याची बरी, खडबडीत असते आणि ओल धरते. पेरूवर बांधाल तर पेरू साल टाकतो आणि त्या सालीबरोबर आमरीही खाली येते. हे सगळं मला ठाऊक, कारण कोळसा आणि साली माझ्या वखारीतून जात आणि आप्पासाहेब एकेक गोष्ट समजावून सांगत.

सेहेचाळीस सालचा फेब्रुवारी संपत आला होता. बंगल्यामागे तट्ट्यांचा मांडव होता, त्यात आप्पासाहेब उभे होते. शेजारी त्यांचा पुतण्या श्रीमंत आणि स्वयंपाकाची लंकाबाई. खांबाशी मान खाली घालून मोहियोद्दीन. अठरा वर्षं तो या बागेचा माळी, बायको हाजराबीसह मागच्या खोलीत राहणारा.

आप्पासाहेबांनी माझ्यापुढे एक सालीचा तुकडा धरला. त्यावर बोटभर आमरी बांधली होती. हिरवी, जिवंत.

"मुक्ताबाई, ही साल तुमच्या वखारीतली?"

"हो, आंब्याची. मोहियोद्दीनभाईंनी डिसेंबरात नेली होती."

"ऐकलंस, श्रीमंत?" आप्पासाहेबांचा आवाज चढला. "हरिश्चंद्रगडाच्या बाजूला हिरड्यावर सापडलेलं माझं झाड. अजून त्याला नावही नाही. फाल्गुनात फुललं की पुण्याचे प्राध्यापक येऊन नाव देणार होते. याने त्याचा कोंब चोरला, आपल्या दाराशी टांगला आणि मग इथलं झाड मारलं. संशय नको म्हणून आणखी सोळा मारली! एकच उरावं आणि ते याच्याकडे. कँपातला एखादा गोरा वाटेल ते देऊन घेऊन जाईल. आता तर साक्षीदारही मिळाला."

म्हणजे मी. मी सरळ मनाने हो म्हणाले आणि त्या एका शब्दाने माणूस बांधला गेला.

"दिवेलागणीला फौजदार येतील," आप्पासाहेब मोहियोद्दीनला म्हणाले. "तोवर खोली रिकामी झाली पाहिजे. अठरा वर्षं बांडगूळ पोसलं मी!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आमरी आणि बांडगूळ यांतला फरक ज्याने मला शिकवला, तोच माणूस माणसाला बांडगूळ म्हणत होता.

"फौजदार येईपर्यंत मी इथे हिंडणार," मी म्हणाले.

"कशाला?"

"माझ्या शब्दावर माणूस आत जाणार आणि मी बघायचंही नाही?"

आप्पासाहेब हात झटकून बंगल्यात गेले.

२

मी आधी मेलेली झाडं पाहिली. मुळं काळी पडून चामड्यासारखी झाली होती, कांड्या सुकून सुरकुतल्या होत्या. सतराच्या सतरा एकाच ओळीत टांगलेली. आणि सगळी बांधली होती नारळाच्या सोडणांवर, म्हणजे नारळाच्या वरच्या काथ्याच्या जाड सालींवर.

समोरच्या ओळीत आंब्याच्या सालीवरच्या आमऱ्या होत्या. त्या ठणठणीत. खालची कोळशाची मडकीही ठणठणीत.

"पाणी कोणतं देता?" मी मोहियोद्दीनला विचारलं.

"पावसाचं. टाकीतलं. सगळ्यांना एकाच झारीनं." तो म्हणाला. "थंडीत ती झोपत्यात, म्हनून नुसता शिपका. जादा न्हाई."

"सोडणांवर कधी बांधली?"

"मी पुनतांब्याला गेल्तो, बहीन वारली तवा. धा दिवस. मी आलो तर साहेबांनी सोताच बांधली हुती. त्यांच्या मालवनच्या नातलगानं पोतं धाडलं हुतं. सोडनं वल धरत्यात, नगरच्या कोरड्या हवेला बरी, असं पत्रात लिवलं हुतं. मला आंब्याची सालच बरी वाटती. पन साहेबांचं झाड, साहेबांची मर्जी."

"आणि सोडणं चालतात का आमरीला?"

"चालत्यात की. फकस्त आधी आठ दिवस पान्यात ठेवायची, रोज पानी बदलायचं. न्हाईतर तांबडा रस सुटतो. मी आल्याबरूबर इचारलं, भिजवली का साहेब? म्हनले, भिजवली."

मी त्या बिननावाच्या झाडाचं सोडण हातात घेतलं. झाड बारीक लोखंडी तारेने बांधलेलं होतं. मी तारेला बोट लावलं आणि ती मोडली. बोट तांबडंलाल झालं. शेजारच्या सोडणाची तारही तशीच गंजून खाल्लेली. समोरच्या आंब्याच्या सालीवरची तार त्याच वेटोळ्यातली, मोहियोद्दीन सांगत होता. ती काळीभोर, धडधाकट.

हे असं मी कुठेतरी आधी पाहिलं होतं. कुठे ते आठवेना, आणि आठवत नाही म्हणून मी स्वतःवरच चिडले.

"आणि तो कोंब?" मी विचारलं. "तो का नेलात? खरं सांगा. लपवालपवी केलीत तर मी उठून जाईन."

त्याने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "पुनतांब्याला जायच्या आदी नेला. शेतकरी समदं बी पेरून टाकतो का, आक्का? मूठभर राखून ठेवतोच ना? सगळ्या मुलखात ते एकच झाड. काही झालं तर? साहेब कुनाला कोंब काढू देत न्हाईत, म्हनून बोललो न्हाई. चोरी म्हना. पन इकायला न्हाई नेला."

एवढ्यात बंगल्याच्या मागच्या दारातून लंकाबाईने मला हाताने खुणावलं. तोंडावर पदर होता तिचा.

३

"माझं नाव सांगू नका," लंकाबाई कुजबुजली. "पन श्रीमंतदादा रोज दुपारी बादली घिऊन मांडवात जात्यात. मामंजी झोपल्यावर. म्या डोळ्यांनी पाहिलंय."

आप्पासाहेबांना ती मामंजी म्हणायची, कारण तिच्या मालकिणीचे ते मामंजी होते. मालकीण म्हणजे श्रीमंतची बायको. आणि त्या बायकोला मोहियोद्दीनची खोली मोटारीसाठी हवी होती, हे मला गेल्या दिवाळीपासून ठाऊक होतं.

झालं! मला खुनी सापडला. मी थेट श्रीमंतच्या खोलीत गेले.

"बादलीत काय असतं?" मी दारातूनच ओरडले. "फिनेल? रॉकेल? म्हाताऱ्याचा जीव ज्या झाडांत, ती मारून एका गरिबाला घराबाहेर काढता? लाज नाही वाटत?"

श्रीमंत आधी पांढरा पडला, मग तांबडा. मग त्याने उठून हळूच दार लावलं.

"काकू, हळू बोला. बादलीत पाणी असतं. मी तिथे बिडी ओढतो." त्याने उशीखालून बंडल काढून दाखवलं. "तट्ट्या वाळलेल्या, ठिणगी पडली तर काका मला जाळतील. म्हणून बादली. थोटकं त्यात विझवतो आणि बाहेर नेऊन टाकतो. हवं तर गटारात बघा."

मी खरंच गटारात बघितलं. थोटकंच थोटकं. तो चाळिशीचा बाप्या काकाच्या भीतीने चोरून बिडी ओढत होता! उचलली जीभ लावली टाळ्याला, असं झालं माझं. मी त्याची माफी मागितली. पण खोलीच्या दाराशी थांबून एवढं म्हणाले, "मोहियोद्दीन जाणार म्हणून तुम्हाला आनंद झालाय, तो मात्र लपवू नका."

त्याने बंडल पुन्हा उशीखाली सारलं.

मी रागारागात स्वयंपाकघरात परतले. लंकाबाई गवारीच्या शेंगा मोडत होती.

"आणखी काय पाहिलंय ते एकदाच सांग," मी म्हणाले. "अर्धं सांगून मला तोंडघशी पाडू नको."

"आनखी काय? ती शेळी. हाजराबीची, घोडेगावच्या बाजारची. सारखी मांडवात शिरायची. मामंजींनी हाजराबीला बंदी केली, मांडवात पाय ठेवायचा न्हाई म्हनून."

"पानं खायची?"

"न्हाई वो. तेच तर नवल. पान एक तोडलं न्हाई. ती सोडनं चाटायची. उभी ऱ्हाऊन मागल्या पायांवर, चाटतीय आपली. आनि मंग हौदावर जाऊन पानी पीत बसायची."

"मग सोडणांवर ती जाळी कशासाठी?" प्रत्येक सोडणावर दोऱ्याची जाळी बांधलेली मी पाहिली होती.

"ती खारींसाठी. खार सोडनाचा काथ्या नेती ना घरट्याला. हाजराबीच म्हनली, खार आली म्हनून. पन खरं सांगू? म्या एक खार पाहिली न्हाई या बागेत."

मीही नव्हती पाहिली. आणि सोडणांवर दाताची एक खूण नव्हती.

उन्हं कलायला लागली होती.

४

आप्पासाहेबांची बागेची रोजनिशी मांडवाच्या टोकाला पेटीत असे. मी परवानगी विचारली नाही. विचारली असती तर मिळाली नसती.

त्यांचं अक्षर मोत्यासारखं. भाषेचा त्यांना भारी अभिमान. पोस्टमनच्या बोलण्यातल्या 'न'चा 'ण' करतील, मला 'पाणी' नीट म्हणायला लावतील. मी पानं उलटत गेले.

'१२ डिसेंबर, बुधवार. मालवणहून सोडणांचे पोते आले. उत्तम माल.'

'१३ डिसेंबर, गुरुवार. सतरा झाडे सोडणांवर बांधून पूर्ण. मोहियोद्दीन गावी, तरी काम अडले नाही.'

हे मी वाचलं आणि पुढे गेले. गाढवच मी. पुढे जानेवारीत होतं:

'१९ जानेवारी, शनिवार. हाजराबी सांगत आली, सोडणांवर खार आला. या लोकांना खार पुल्लिंगी! खार आली असे म्हणावे, हे तिच्याकडून तीनदा वदवून घेतले. मंडळींची करमणूक झाली. खारींसाठी जाळी लावणे.'

मी ते पुन्हा वाचलं. आणि पुन्हा.

हाजराबी नगरची. झेंडीगेटात जन्मलेली, मराठी शाळेत चार यत्ता शिकलेली. घरी दखनी बोलते, पण भाजीवालीशी, माझ्याशी, सगळ्या गावाशी मराठीत भांडते. अशा बाईचं आली आणि आला चुकेल? मग 'खार आला' म्हणजे काय?

मी खोलीकडे पळत गेले. हाजराबी भांडी गोणपाटात बांधत होती. शेळी दाराशी.

"हाजराबी, त्या दिवशी तू साहेबांना काय सांगितलंस?"

तिने वर पाहिलं नाही. "काही न्हाई."

"तू खार म्हणालीस. कुठला खार?"

"आता कशाला इचारता?"

"अगं, तुझा नवरा आत चाललाय आणि तू तोंड शिवून बसलीस?"

तेव्हा ती उभी राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, विस्तव होता.

"सांगितलं हुतं मी. सोडनांवर खार आला. भिंतीला पावसाळ्यानंतर येतो तसा, पांढरा. लोनच्यात असतो तो खार. माझी शेळी चाटत हुती म्हनून मला दिसला. साहेब हसले. म्हनले, बाई, खार आली म्हन. तीनदा म्हनायला लावलं. दादा हसले, लंकाबाई हसली. मंग मी परत कशाला बोलू? यांनाबी न्हाई सांगितलं. म्हनलं, आपलंच काही चुकलं आसंल."

आता मला आठवलं, तसा गंज मी कुठे पाहिला होता. आठ वर्षांपूर्वी मी कोकणातला एक स्वस्त ओंडका घेतला होता, खाडीतून ओढत आणलेला. त्याच्या फळ्यांत ठोकलेले खिळे महिन्यात गंजून गेले. खाडीचं खारं पाणी लाकडाच्या अंगात मुरलेलं असतं. आणि मालवणात काथ्या काढायला सोडणं पुरतात कुठे? खाडीच्या चिखलात.

"हाजराबी," मी म्हणाले, "त्या लोकांना त्यांच्या हसण्याची शरम..."

"तुमीबी हुता, आक्का," ती मध्येच म्हणाली. "कोळशाची पोती उतरवीत हुता. तुमीबी हसल्ता."

५

फौजदार आले तेव्हा बंगल्यात दिवे लागत होते. आप्पासाहेबांनी त्यांना मांडवात आणलं. मोहियोद्दीन आणि हाजराबी गोणपाटाचं गाठोडं घेऊन उभी होती. त्या तासाभरात माझं काय झालं होतं ते सांगता येत नाही. हसल्याचं आठवत होतं मला. अगदी स्पष्ट. त्यामुळे माझा राग आता कुणाला बधणार नव्हता.

"फौजदारसाहेब," मी म्हणाले, "अटक करायची तर आधी चव घ्या."

मी बिननावाच्या झाडाचं सोडण त्यांच्यापुढे धरलं आणि आधी स्वतः चाटलं. ते बिचारे गोंधळले, पण त्यांनीही जिभेचं टोक लावलं आणि थुंकले.

"मीठ!"

"मीठच. खाडीचं. थंडीत झाडाला नुसता शिपका, त्याने मीठ धुऊन जात नाही. पाणी उडून जातं आणि मीठ वर येतं, मुळांशी. लोणच्यातली फोड कशी आवळते? तशी मुळं आवळली. शेळी चाटत होती ती याला. तारा गंजल्या त्या यानेच."

"हे मोहियोद्दीननेही टाकलं असेल," आप्पासाहेब म्हणाले.

"त्याने नंतर वरून मीठ टाकलं असतं तर ते वरवर बसलं असतं." मी दुसरं सोडण घेऊन मांडवातल्या कोयत्याने उभं चिरलं आणि आतला गाभा फौजदारांच्या हातात दिला. "आतलं चाखा. आणि आता हे. पोत्यात उरलेलं, न वापरलेलं."

त्यांनी दोन्ही चाखली. दोन्हीकडे तेच तोंड केलं.

"पोत्यातच खारं होतं," ते म्हणाले.

"आणि हा कोंब." मी आंब्याच्या सालीवरचा जिवंत तुकडा उचलला. "त्याच झाडाचा, तीच झारी, तेच पाणी, तोच हात. फरक फक्त खालच्या सालीचा. मारणारा हात मोहियोद्दीनचा असता तर हाही मेला असता. ज्याला तुम्ही चोरीचा मुद्देमाल म्हणता, तोच त्याचा साक्षीदार आहे."

आप्पासाहेबांनी कोंबाकडे पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला. "मग दोष मालवणवाल्याचा," ते म्हणाले. "मला काय कल्पना की सोडणं खारट..."

"कल्पना कुणालाच नव्हती. मोहियोद्दीनलाही नव्हती. पण तो सोडणं आठ दिवस पाणी बदलून भिजवतो. रस निघावा म्हणून भिजवतो, आणि मीठही आपसूक निघून जातं. गावाहून आल्या आल्या त्याने तुम्हाला एकच गोष्ट विचारली. भिजवली का? तुम्ही काय म्हणालात?"



मी रोजनिशी उघडली. "बुधवारी आलेलं पोतं गुरुवारी आठ दिवस कसं भिजलं, आप्पासाहेब?"

श्रीमंत जमिनीकडे पाहत होता.

"धीर नव्हता मला," आप्पासाहेब शेवटी म्हणाले. "प्राध्यापकांना सगळं नीट दिसावं... एक रात्र ठेवली होती हौदात."

"मग एक रात्र म्हणून सांगायचं! त्याने त्याच दिवशी सोडून पुन्हा धुतली असती. माळ्यापुढे कबूल कसं करायचं, म्हणून खोटं बोललात. त्यानंतरही झाडं वाचली असती. जानेवारीत ही बाई तुमच्या दारात सांगायला आली, खार आला. जे होतं ते, जसं म्हणतात तसं. आणि तुम्ही तिचं व्याकरण सुधारलंत! ती आला म्हणाली तेव्हा बरोबर होती. तीनदा आली म्हणायला लावलंत, तेव्हा तिच्याकडून चूक करवून घेतलीत. तुमच्या झाडांना मिठाने अर्धं मारलं, उरलेलं आपल्या हसण्याने मारलं. मीही हसले त्यात. माझ्यावर खार खाऊन असेल हाजराबी, तर तिचा हक्क आहे."

फौजदारांनी टोपी घातली. "इथे माझं काम दिसत नाही," ते म्हणाले, आणि कोणाचाही निरोप न घेता निघून गेले.

आप्पासाहेबांनी माझ्या हातातून कोंब घेतला. मग त्यांनी तो दोन्ही हातांनी मोहियोद्दीनकडे दिला. मोहियोद्दीनने घेतला. त्याने गाठोडं अजून खाली ठेवलं नव्हतं.

"राहा तुम्ही दोघं," आप्पासाहेब म्हणाले. मान वळवून हाजराबीच्या दिशेने, पण तिच्या तोंडाकडे न पाहता म्हणाले, "चूक झाली."

हाजराबीने पदर सावरला.

"माझी," ती म्हणाली.

"काय?"

"वाक्य अपुरं ऱ्हायलं, साहेब. 'माझी चूक झाली' असं म्हनावं." ती एक पाऊल पुढे आली. "म्हना. तीनदा."